पाणसळीत बसलेली बस

इंजिन बंद करून एवारिस्तोने जाहीर केलं, की बस अगदी सपाट जागी उभी आहे. त्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत मागच्या स्वयंपाकाच्या ओट्यावरून एक कांदा निघाला, खाली टपकन पडला, बसच्या मधल्या वाटेने घरंगळत गेला आणि ड्रायव्हरच्या सीटखाली एवारिस्तोच्या टाचेपाशी येऊन थांबला. त्याची बायको डेल्मिरा ओट्यापाशी उभी होती. तिने दुसरा कांदा उचलला आणि ओट्यावर त्याच जागी ठेवला. तोही निघाला.

"शंभर माणसं उभी राहायची या बसमध्ये," एवारिस्तो मागे न बघता म्हणाला. "एकानं कधी तक्रार केली नाही."

"ती उतरून आपापल्या घरी जायची," डेल्मिरा म्हणाली.

रोसारियो शहरात एवारिस्तो क्वालियाने एकतीस वर्षं सिटी बस चालवली होती, आणि त्यातली शेवटची चौदा याच बसवर. कंपनीने दोघांना एकाच वर्षी घरी बसवलं, तेव्हा त्याने बसला स्वतःच्या घरीच आणलं. तीन वर्षं अंगणात ठोकाठोक करून त्याने तिच्यात पलंग, ओटा, गॅसवरचा फ्रीज आणि एक माणूस कसाबसा वळेल एवढी न्हाणी बसवली. उरलेलं आयुष्य देशभर फिरायचं, असा बेत होता. डेल्मिराने एकाच अटीवर होकार दिला होता. ती गवंड्याची लेक. सपाटी तपासायची वडिलांची जुनी पाणसळ अजून तिच्या शिवणाच्या डब्यात होती. ती म्हणाली होती, की घर चाकांवर असलं तरी चालेल, पण मला उतारावर म्हातारपण काढायचं नाही.

तळ्याकाठी गाड्यांच्या मुक्कामासाठी ठेवलेल्या नगरपालिकेच्या मैदानावर ते शनिवारी दुपारी पोहोचले होते, आणि रविवारी जेवायला डेल्मिराची थोरली बहीण ओफेलिया येणार होती. ती तिथून तासाभराच्या गावात राहायची. नवरा अन्सेल्मो नोटरीच्या कचेरीतून निवृत्त झालेला, अंगाने भरभक्कम, स्वभावाने गरीब. बहीण बसमध्ये राहायला जातेय हे ऐकल्यावर ओफेलिया फोनवर म्हणाली होती, की बसमधून लोक शेवटी उतरतात, आत बिऱ्हाड करत नाहीत. डेल्मिराला ते लागलं. पण त्याहून जास्त तिला दुसरंच काही लागलं होतं. गेली दोन वर्षं ओफेलियाने त्यांना एकदाही घरी बोलावलं नव्हतं. नाताळात रंगारी आलेले असत, वाढदिवसाला अन्सेल्मोचा गुडघा धरलेला असे. नोटरीच्या माणसाला जेवायच्या टेबलावर बस ड्रायव्हर नको असणार, असा डेल्मिराने अर्थ लावला. नवऱ्याला तिने हे कधी सांगितलं नाही. मात्र फोनवर तिने बसचं वर्णन असं केलं होतं, की ओफेलियाने विचारलं, लिफ्ट पण आहे का?

रविवारी सकाळी डेल्मिराने आदल्या दिवशी भट्टीत लावलेलं अंड्याचं पुडिंग साच्यातून काढलं. ते एका बाजूला चार बोटं जाड होतं, दुसऱ्या बाजूला एक बोट. फ्रीज तिरका उभा राहिला की चालत नाही, त्यामुळे तोही गरम होता. न्हाणीतलं पाणी जाळीकडे न जाता पलंगाखाली गेलं होतं. तिने डब्यातून पाणसळ काढून ओट्यावर ठेवली. बुडबुडा डाव्या टोकाला जाऊन चिकटला. म्हणजे उजवी बाजू खाली.

एवारिस्तोने फळ्या काढल्या. त्या डेल्मिराच्या जुन्या कपाटाची दारं होती. उजव्या चाकांपुढे त्या ठेवायच्या, बस हळूच वर चढवायची आणि थांबायचं, एवढंच काम. डेल्मिरा बाहेर उभी राहून हात हलवत होती. "येऊ दे, येऊ दे, येऊ दे, थोडंसं." तिचं थोडंसं आणि त्याचं थोडंसं यांचं माप लग्नापासून जुळलेलं नव्हतं. बस फळीवर चढली आणि पलीकडे उतरली. मागे घेतली, तर अलीकडे उतरली. तो म्हणाला, आरशात तू दिसत नाहीस. ती म्हणाली, आरसा तू माझ्याकडे नाही, झाडाकडे वळवून लावलायस. तिसऱ्या खेपेला कपाटाचं दार मधोमध फुटलं. आवाज असा झाला, की तळ्यावरची बदकं उडाली.

शेजारच्या गाडीपुढे खुर्ची टाकून सुबेल्दिया नावाचे गृहस्थ तासभर हे आदराने बघत बसले होते. ते निवृत्त मोजणीदार. हातातला 'माते' नावाचा तिकडचा कडू चहा संपवून ते उठले आणि म्हणाले, "सगळे खालची बाजू वर घ्यायला बघतात, एवारिस्तोसाहेब. वरची बाजू खाली घ्या की. चढवण्यापेक्षा उतरवणं सोपं."

एकतीस वर्षं प्रवासी उतरवलेल्या माणसाला हे एकदम पटलं. सुबेल्दियांनी दोरी लावून रेघा आखल्या, आणि एवारिस्तो डाव्या चाकांलगत खणू लागला. दीड वीत खणल्यावर फावडं कशावर तरी अडकलं. सुबेल्दिया वाकून म्हणाले, मूळ असेल. एवारिस्तोने जोर लावून घाव घातला. मुळातून पाणी उडालं.

मैदानाची राखण करणारी आयदे सायकलवरून आली. तिने कारंजं पाहिलं, फावडं पाहिलं, आणि जाऊन सगळ्या मैदानाचा नळ बंद केला. परत येऊन शांतपणे सांगितलं, की प्लंबर रविवारी आईकडे जेवतो आणि चारच्या आधी उठत नाही. तोवर पाणी नाही. आणि रविवारी साडेअकराला त्या मैदानावर प्रत्येक चुलीवर पातेलं चढलेलं होतं. डेल्मिराला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बसच्या टाकीत दोनशे लिटर पाणी होतं. तिने बाहेर येऊन सगळ्यांना सांगितलं, भांडी घेऊन या.

तेवढ्या वेळात डाव्या बाजूची जमीन भिजून लोणी झाली होती. जी बस उजवीकडे झुकत होती ती आता डावीकडे झुकली, आणि अधिक मनापासून झुकली.

पाऊण वाजता ओफेलियाची गाडी आली. बसच्या दारापाशी अकरा माणसं हातात पातेली घेऊन रांगेत उभी होती. बसखालून गुडघ्यापर्यंत चिखल झालेले दोन पाय बाहेर आले होते. ते तिच्या मेहुण्याचे होते. ओफेलियाने काच खाली केली आणि विचारलं, की ही मंडळी कुठल्या नंबरच्या बससाठी थांबली आहेत.

डेल्मिराने त्यांना तळं बघायला पाठवलं. एवारिस्तो आणि सुबेल्दियांनी जॅक लावून, विटा आणि उरलेलं दार चाकांखाली सारून डावी बाजू बरीच वर आणली. तरी दोन बोटं कमी पडत होती, आणि विटा संपल्या होत्या. तेवढ्यात पाहुणे परतले. आधी अन्सेल्मो चढला. पायरी कण्हली. तो उजव्या खिडकीशी असलेल्या बाकावर बसला. बसने एक लांब सुस्कारा सोडला आणि उजवीकडे कलली.

सुबेल्दिया पाणसळीवर डोळा लावून उभे होते. "हलू नका," ते म्हणाले.

बुडबुडा बरोबर मध्ये होता. एवारिस्तो आला आणि बुडबुड्याकडे बघत राहिला. दोन मिनिटांनी फ्रीजनेही खट्ट आवाज करून सुरुवात केली. सुबेल्दिया पाणसळ डेल्मिराच्या हातात देऊन, मोठं काम पार पडल्यासारखे आपल्या गाडीकडे गेले.

त्यानंतर अन्सेल्मोची जी सरबराई झाली तशी नोटरीच्या कचेरीत पस्तीस वर्षांत झाली नसेल. हात धुवायला तो उठू लागला, तर डेल्मिराने घंगाळ त्याच्यापुढे आणलं. त्याला पाण्यात कोणते पक्षी आहेत ते बघायचं होतं. एवारिस्तोने खिडकीतून बघून एकेक सांगितला, नावं माहीत नव्हती तिथे बनवून सांगितली. रॅव्हिओलीची त्याची ताटली तीनदा भरली. तो संकोचून म्हणाला, की तुम्ही दोघं फारच प्रेमळ आहात.

ओफेलिया बस बघत होती. तिने पडदे पाहिले, कपाटं उघडून पाहिली, टेबलावर हात फिरवला. ग्लासातला सोडा ग्लासाच्या कडेशी अगदी समांतर होता. ती त्याच्याकडे बराच वेळ बघत राहिली. नावं ठेवायला काही सापडत नसावं, असं डेल्मिराला वाटलं, आणि जरा बरंही वाटलं. पण ओफेलिया गप्प गप्प होत गेली, आणि ते काही बरं वाटेना.

पुडिंग आलं. चार बोटांची बाजू अन्सेल्मोला गेली, मग उरलेल्यातलीही जाड बाजू त्यालाच. ते संपवून त्याने चमचा ठेवला आणि डेल्मिराकडे अपराधी नजरेने पाहिलं.

"माणसाला कधी तरी उठावंच लागतं, डेल्मिरा."

अन्सेल्मो उठला आणि न्हाणीकडे गेला. न्हाणी डाव्या बाजूला होती. बस हळूहळू, सभ्यपणे डावीकडे कलली. कपाटाचं एक दार उघडलं. सॉसचं भांडं टेबलावरून निघालं.

ओफेलिया तेव्हा एवारिस्तोला पडद्याच्या कापडाचा भाव विचारत होती. बोलणं न थांबवता, न बघता, तिने एका हाताने भांडं अडवलं आणि दुसऱ्या हाताने रुमालाची घडी करून त्याच्या खालच्या कडेला सारली. मग ग्लास बोटभर वर ओढला आणि कोपर टेकून बसली. भांडं जागेवर राहिलं.

डेल्मिरा त्या रुमालाकडे बघत राहिली. "तुला सवय दिसते," ती म्हणाली.

ओफेलियाने रुमालाची घडी आणखी आत सारली. मग तिने सांगायला सुरुवात केली, आणि एकदा सुरू केल्यावर थांबली नाही. शेजाऱ्याने गाड्या ठेवायला तळघर खणलं, तेव्हापासून त्यांचं घर रस्त्याच्या बाजूला खचलं होतं. दोन वर्षं झाली. दारं आपोआप उघडत होती. पलंगाच्या दोन पायांखाली टेलिफोनच्या जाडजूड डिरेक्टऱ्या होत्या. खटला चालू होता, आणि त्याचे कागद अन्सेल्मोच्याच जुन्या कचेरीत अडकले होते.

"मग मला का नाही सांगितलंस?"

"काय सांगू? घर कसं ठेवावं हे जन्मभर मीच तुला शिकवत आले," ओफेलिया म्हणाली. "तुला बोलावलं असतं, तर तू दारातूनच ओळखलं असतंस. गवंड्याची लेक तूही आहेस."

"आणि मला वाटलं," डेल्मिरा म्हणाली. पण तिची नजर एवारिस्तोच्या चिखल वाळलेल्या पायांवर गेली, आणि तिने वाक्य तिथेच सोडलं. उठून ती बहिणीच्या बाजूला जाऊन बसली. त्या बाजूला ती तशीही घसरतच होती.

एवारिस्तोने लगेच सांगितलं, की काळजी करू नका, घरही उचलता येतं, जॅक आहे, मोजणीदार शेजारीच आहेत, फक्त फळ्या मोठ्या लागतील. ओफेलियाने त्याला माझ्या पाइपांपासून दहा मीटर लांब राहा, असं बजावलं. बजावताना ती हसत होती, आणि हसता हसता तिने डोळे पुसले.

न्हाणीचं दार उघडून अन्सेल्मो बाहेर आला. सगळे रडताहेत की हसताहेत हे त्याला कळेना, म्हणून तो मुकाट्याने पुन्हा उजव्या बाकावर जाऊन बसला.

"पुढच्या रविवारी आमच्याकडे या," ओफेलिया म्हणाली. "सूप करणार नाही मी. बाकी सगळं करेन."