हिरव्या दोऱ्याची माणसं

सामंतकाकांनी तुम्हाला चहाला बोलावलं आणि तुम्ही "येतो पाच वाजता" म्हणालात, की संपलं. तुमच्या नावाचं कार्ड तयार झालंच समजा. पाचला पाच कमी असताना काका दारात उभे. तुम्ही सव्वापाचला उगवलात तरी हसून "या, या" म्हणतील, चहाबरोबर आल्याची वडीही देतील. पण तुमची पाठ वळली की चपलांच्या खोक्यातून कार्ड बाहेर. "लिहून ठेवतो" हे ते कोणाला धमकी म्हणून म्हणत नाहीत, आपण "बरं" म्हणतो तसं म्हणतात.

काका डोंबिवलीला आमच्या वरच्या मजल्यावर राहतात. कोलशेतच्या एका रंगाच्या कंपनीत जन्मभर खरेदी खात्यात होते. माल वेळेवर कोण देतो, थापा कोण मारतो, याची कार्डं तिथे ठेवायचे. मग निवृत्त झाले, काकू गेल्या, मुलगी परदेशी. कार्डं मात्र चालूच! इस्त्रीवाला, प्लंबर, गॅसवाला, कोणी सुटलेलं नाही. प्रत्येक कार्डाला दोरा. हिरवा म्हणजे भरवशाचा, लाल म्हणजे सांभाळून. आणि खाली एका ओळीत खूण. "उद्या म्हणजे परवा." "फोनवर वाघ, दारात मांजर."

मी केटरिंग सुरू केलं तेव्हा दूधवाल्यापासून भांडीवाल्यापर्यंत सगळी माणसं मला काकांनी या खोक्यातून काढून दिली. फुकटचा सल्ला मला पचेना, म्हणून दर बुधवारी एक वाजता त्यांना डबा द्यायला लागले. दारातच द्यायचा आणि पळायचं, हजार कामं असतात हो.

मग माझी नणंद शर्वरी, आयटीतली, हिने सगळ्या कार्डांचे फोटो काढले आणि ते एका एआय एजंटला जोडून दिले. म्हणाली, "वहिनी, आता खोकं उपसायचं नाही. नुसतं विचारायचं, तो खुणा शोधून नाव सांगतो."

काकांना एजंट आवडला. त्याला ते अहो-जाहो करायचे. "काय हो, वेळेवर येणारा इलेक्ट्रिशियन आहे का आपल्याकडे?" तिसऱ्या दिवशी त्याचंही कार्ड झालं. "नाव: एजंट. खूण: दर वेळी 'छान प्रश्न' म्हणतो. पुढे बघू."

आणि मला कल्याणचं लग्न मिळालं. रविवारचं, तीनशे पान, माझं पहिलं मोठं काम. ते बिघडलं असतं तर कल्याणात मला पोह्यांनाही कोणी बोलावलं नसतं. आदल्या दिवशी सकाळी माझ्या नेहमीच्या पनीरवाल्याचा फ्रीज बंद पडला, सगळा माल गेला. काका नेमके ठाण्याला दाताच्या डॉक्टरकडे, फोन उचलत नव्हते. मी एजंटला विचारलं, "उद्या सकाळी सहाला तीस किलो पनीर कोण देईल?" त्याने ठणकावून एक नाव सांगितलं. कार्डावरची खूणही वाचली: कधीच नाही म्हणत नाही, फार गोड बोलतो, आईची शपथ घेऊन शब्द देतो. अजून काय पाहिजे? मी फोन लावला. "ताई, टेन्शन नका घेऊ, पोचलंच समजा!"

दुपारी खात्रीसाठी फोन केला, तर बंद. चारला पुन्हा केला, बंदच.

तेवढ्यात काका आले, गाल सुजलेला. स्क्रीन बघितला आणि ओरडलेच, "अगं वर्षा! हा लाल दोरा आहे! कधीच नाही म्हणत नाही, ही काय स्तुती आहे?"

अक्षर झाकू नये म्हणून शर्वरीने फोटो काढताना दोरे मागे सारले होते. एजंटला एकही रंग दिसला नव्हता. जे लिहिलं होतं ते बिचाऱ्याने स्तुती म्हणूनच घेतलं.

"आता एजंटना तुसडं कोण ते विचार," काका म्हणाले. विचारलं. विठ्ठलवाडीच्या कमलताई निघाल्या. "तुसडी. तोंडावर नाही म्हणते." हिरवा दोरा! काकांनी सुजल्या गालाने फोन लावला. पलीकडून आवाज आला, "तीस नाही जमणार. वीस देते. पावणेसहाला रिक्षा येईल. सारखा फोन करू नका."

पावणेसहाला रिक्षा दारात. मी मटार-पनीरमध्ये मटार वाढवले, आणि नवरीच्या मामांनी नेमकी त्याच भाजीची तारीफ केली. काका, तुमचे उपकार कुठे फेडू, असं मी त्यांना फोनवर म्हटलं तर म्हणाले, "कमलताईंच्या कार्डावर लिहिलंस का?"

पुढच्या रविवारी शर्वरीने दोऱ्यांचे रंगही भरले. आम्ही काकांकडेच बसलो होतो. चाचणी म्हणून मी विचारलं, "हिरव्या दोऱ्यात सगळ्यात पक्कं कोण?" मला वाटलं, कमलताई.

"छान प्रश्न," एजंट म्हणाला. "वर्षा, खालचा मजला."

"बंद करा हो ते," काका घाईघाईने म्हणाले. पण तो थांबतोय कसला! वाचतच सुटला. "बुधवार. एकला दोन मिनिटं कमी. भरली वांगी. बुधवार. एक वाजता. घाईत होती. बुधवार. एक वाजता. हसली. बुधवार. आली नाही. अडीचपर्यंत दारात होतो. काम असेल. दोरा बदलायचा नाही."

मला आठवला तो बुधवार. ठाण्याला एका कार्यालयात मेन्यू ठरवत होते आणि डबा साफ विसरले होते. साधा फोनही केला नव्हता. पुढच्या आठवड्यात काका त्याबद्दल अवाक्षर बोलले नव्हते.

मला रडूच आलं. या माणसाने माझा अख्खा धंदा उभा करून दिला आणि मी त्यांना आठवड्यातून अर्धं मिनिट देत होते, तेही दारात! काका खिडकीबाहेर बघत म्हणाले, "सवय आहे गं. लिहिलं जातं."

आता बुधवारी मी दोन डबे नेते. एकला बेल वाजवते आणि सरळ आत जाऊन पानं घेते. जेवता जेवता काका कोलशेतच्या गोष्टी सांगतात, मधूनच घड्याळ बघतात. निघायला मी मुद्दाम उशीर करते. त्याबद्दल मला अजून लाल दोरा लागलेला नाही.