आत सोळा, भायेर धा

दिवाळी सरली की रोज सकाळी सहाच्या ठोक्याला माझा फोन वाजतो. एवढ्या सकाळी फोन वाजला की माणसाच्या मनात पहिल्यांदा वाईटच येतं. माझ्या मनात आता काहीच येत नाही. मी डोळे न उघडता फोन कानाला लावतो आणि पलीकडून हिर्डोशीचे माझे मामा सांगतात,

"मास्तर, आत सोळा, भायेर धा. फरक सहाचा."

एवढं बोलून फोन बंद. कसा आहेस नाही, काय चाललंय नाही.

मामांच्या घरात मोबाईलला रेंज नाही. ती येते रस्त्यावरच्या मोरीपाशी, तीही कठड्यावर उभं राहिलं तर. म्हणजे आपलं घर किती उबदार झालंय हे मला कळवण्यासाठी हा सत्तरीचा माणूस धरणाच्या पाण्यावरून येणाऱ्या धुक्यात, कानटोपी घालून, कठड्यावर कुडकुडत उभा असतो. "भायेर धा" म्हणताना त्यांचे दात वाजतात ते मला भोरमध्ये अंथरुणात ऐकू येतात.

पाप माझंच आहे. मी भोरच्या एका शाळेत चित्रकला शिकवतो. त्यामुळे भिंती, पडदे, रंग, सजावट यातलं मला कळतं असा नातेवाइकांत एक गैरसमज आहे. सहा वर्षांपूर्वी मामा माझ्याकडे आले, पाणी प्यायले आणि म्हणाले, "मास्तर, थंडीसाठी घर कसं सजवायचं त्ये सांग."

आमच्याकडे ते खातं बायकोकडे आहे. ती मोबाईलवर बघून दर हिवाळ्यात आमचं घर उबदार करते. सोफ्यावर एक जाड विणलेली शाल तिरकी पसरते. ती पांघरायची नसते. मी एकदा पांघरली तर म्हणाली, "अहो, ती थंडीसाठी आहे, तुमच्यासाठी नाही!" मग पिवळे दिवे लागतात, दालचिनीच्या वासाची मेणबत्ती लागते आणि मातकट रंगाच्या उशा येतात. त्यांना टेकायचं नाही, कारण त्या दबतात. या सगळ्या उबेच्या कडेला मी स्वेटर घालून प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसतो.

मामांनी ही सजावट फिरून फिरून पाहिली. शालीला हात लावला, उशी दाबली, मेणबत्तीचा वास घेतला. मग अगदी साळसूदपणे विचारलं, "पर ह्यानं फरक किती पडतुया?"

आमच्या लग्नाच्या अठरा वर्षांत हा प्रश्न विचारायची माझी हिंमत झाली नव्हती. बायको चहा टाकायला आत गेली. ती गेली ते बराच वेळ चहा टाकत राहिली. मला काहीतरी बोलायचं म्हणून मी बोललो, "मामा, ते मोजून बघावं लागेल." आणि पुढच्याच आठवड्यात, बला टळावी म्हणून, दोन तापमापक त्यांना नेऊन दिले. एक त्यांनी घरात खुंटीला लावला, दुसरा गोठ्याच्या मेढीला. बला टळली नाही. तेव्हापासून ती रोज सहाला फोन करते.

आता हे सगळं कशासाठी, ते सांगतो. मामा-मामींना एकच मुलगा, विलास. पुण्याला नोकरीला. त्या वर्षी तो डिसेंबरात बायको आणि दोन वर्षांच्या ओवीला घेऊन चार दिवस राहायला आला होता. दुसऱ्याच रात्री ओवीची छाती भरली. उजाडायच्या आत कुणाचा तरी टेम्पो काढून भोरला डॉक्टरकडे आणावं लागलं. पोरगी दोन दिवसांत बरी झाली, पण सूनबाई घाबरली ती घाबरलीच. निघताना गाडीत बसता बसता ती म्हणाली, "आता थंडी कमी असेल तेव्हा येऊ हं, बाबा."

हे वाक्य कुणीही ऐकलं असतं आणि सोडून दिलं असतं. मी स्वतः अशी वाक्यं आठवड्याला तीन-चार बोलतो. पण मामांना कुणी काही सांगितलं की ते काम सांगितल्यासारखं ऐकतात. थंडी कमी करायची. भायेरची थंडी द्येवाकडं, आतली आपल्याकडं.

मग सुरू झालं. भिंतींच्या फटींत शेण, माती आणि भाताचं तूस कालवून भरलं. खिडकीला आतून एक पोतं, बाहेरून एक पोतं आणि मध्ये पेंढा. आमच्या बायकोला पडद्याला अस्तर लावायचं सुचतं, मामांना खिडकीला गादी करायची सुचली. कौलांतून वारा येतो म्हणून छताला खालून फ्लेक्स ताणले. गावोगावच्या वाढदिवसांचे जुने फ्लेक्स, फुकट मिळालेले. पहिल्या वर्षी चेहरे खाली होते. जेवायला बसलं की डोक्यावरून कुणीतरी भाऊ हात जोडून आपल्याकडे बघतायत. पुढच्या वर्षी मामांनी सगळे फ्लेक्स उलटे केले. म्हणाले, "पोर दचकंल." आता पांढरी बाजू आपल्याकडे आणि भाऊ कौलांकडे बघत हसतात.

पांढरं फार भकास दिसतं असं मी एकदा चित्रकलेचा शिक्षक म्हणून बोलून गेलो, तर मामांनी गेरू कालवून छताला नाचणीची कणसं काढली. हात वर करून, मान मोडून, आठ दिवस. नाचणी की झुरळं हे ओळखू येत नाही, पण लाल रंगानं घर खरोखर उबदार दिसतं. मी ते मामांना सांगितलं. ते म्हणाले, "दिसतं, व्हय. पर फरक न्हाई पडला."

शेवटी घरातल्या वाकळा भिंतींवर गेल्या. वाकळ म्हणजे मामींच्या जुन्या लुगड्यांच्या गोधड्या. धरणाकडच्या भिंतीवर चार, दारावर एक. माझ्या बायकोनं फोटो पाहिला तेव्हा तिला तो प्रकार इतका आवडला की तिनं तो मैत्रिणींना पाठवला. तिला एवढंच ठाऊक नव्हतं, की वाकळा भिंतींवर गेल्यामुळे मामा-मामी एका पातळ सोलापुरी चादरीत झोपत होते.

"घर पांघरून बसलंय आन माणसं उघडी," मामी म्हणायच्या. "येक दिवस ह्ये चुलीला बी सदरा शिवत्याल."

"तुज्या बापाच्या घरात फरक किती व्हता, सांग की."

"माज्या बापाच्या घरात माणसं व्हती."

मामी टोमणे मारायच्या, पण त्यांच्या मांडीवर कायम एक धाकटी वाकळ असायची. ओवीची. ती मात्र भिंतीवर नाही गेली. मामींच्या माहेरची रीत अशी, की वाकळ शिवून झाली तरी तिचा एक कोपरा उघडा ठेवायचा. जो ती पांघरणार त्यानं पांघरायच्या पहिल्या रात्री आपल्या हातानं त्यात भाकरीचा तुकडा ठेवायचा, म्हणजे वाकळ उपाशी राहत नाही. मग कोपरा शिवायचा. ओवी पुन्हा रात्री राहायला आलीच नाही, म्हणून कोपरा उघडा. आणि कोपरा उघडा आहे तोवर, पोर वाढतेय तशी, मामी दर हिवाळ्यात वाकळीला एकेक पट्टी जोडतात. माप माझ्या मोबाईलमधल्या फोटोवरून. ओवी दारापाशी उभी असेल तर कडीपर्यंत आली का, बापापाशी उभी असेल तर कुठवर आली.

ती मंडळी येतच नाहीत असं नाही. मे महिन्यात येतात. मेमध्ये थंडी अजिबात नसते, पण उकाडा असतो आणि लाईट नसते. सकाळी येतात, जेवतात, चारला निघतात. त्यात नावं ठेवण्यासारखं काही नाही. मीही तेच करतो. मामा दर वेळी विचारतात, "र्‍हातूस का?" आणि मी दर वेळी सांगतो, "पेपर तपासायचेत." चित्रकलेच्या शिक्षकाला कसले पेपर, हे त्यांनी आजवर विचारलेलं नाही.

या वर्षी विलास दिवाळीतच बोलून गेला होता, की डिसेंबरअखेर चार दिवस येतो. मामांचा फरक पाचावरून सहावर गेला तो त्या आनंदात. आणि मग गेल्या शुक्रवारी विलासचा मला फोन आला. "दादा, तू सांग ना त्यांना. तिथे फोन लागत नाही. आम्ही मनालीला आलोय. ओवीला बर्फ बघायचा होता रे." पाठोपाठ फोटो.

शनिवारी शाळा सुटल्यावर स्कूटर काढली. वाटेत तीनदा थांबलो. एकदा चहाला, एकदा पेट्रोलला आणि एकदा उगाच.

मामा उंबऱ्याखालची फट बुजवत होते. मामी वाकळ घेऊन बसल्या होत्या.

"मामा, विलासचा फोन आला होता."

"मंग? कंदी येत्यात?"

मी छताच्या नाचणीकडे बघितलं. "ते मनालीला गेलेत."

"कामाला?"

"फिरायला. हिमालयात. ओवीला बर्फ बघायचा होता."

मामींची सुई थांबली. मी फोटो पुढे केला. गुडघाभर बर्फात ओवी उभी, लाल टोपी, दोन्ही हात पसरलेले, तोंडभर हसू. शेजारी विलास. मामांनी मातीचे हात धोतराला पुसले. फोन लांब धरला, जवळ धरला.

"तितं भायेर किती असंल?"

"शून्याच्या खाली."

"म्हंजी त्ये खालचं आकडं खरंच असत्यात?" तापमापकावरचे ते आकडे नुसते छापायला छापतात, असं ते सहा वर्षं समजत होते.

आता ते चिडतील म्हणून मी तयारीत होतो. विलासच्या विरुद्ध दोन वाक्यंही मी वाटेत जुळवून ठेवली होती. मामा चिडले नाहीत.

"छाती बरी झाली म्हनायची पोरीची," ते म्हणाले. "येवढ्या बरफात हासतीया."

मग त्यांनी भिंतीवरच्या वाकळांकडे, खिडकीतल्या पोत्याकडे बघितलं. "मंग आपली थंडी ती कसली?"

मामींनी फोन घेतला, पडद्यावर बोटं ठेवून मोजलं. "इलासच्या कमरंच्या वर ग्येली. चार बोटं वाढवाय पायजे."

"कशाला आता?" मामा म्हणाले.

सहा वर्षांत हे मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं. कालवलेली माती घमेल्यात तशीच ठेवून ते चुलीपाशी जाऊन बसले. चार वाजले. मी सवयीनं उठलो, किल्ली काढली आणि दारात रेंगाळलो. मामांनी विचारलंच नाही. मी आणखी थोडा रेंगाळलो. शेवटी मीच म्हणालो, "मामा, आज राहतो."

पांघरायला मात्र काही नव्हतं. मामा भिंतीवरची वाकळ काढायला उठले तर मामी म्हणाल्या, "र्‍हाऊ द्या, फरक कमी व्हईल." आणि त्यांनी ओवीची वाकळ माझ्या हातात दिली. "कोपऱ्याला जप, बाबा. उघडा हाय." ती मला नडगीपर्यंत आली. पाय बाहेर ठेवून मी जसा झोपलो तसा त्या शालीच्या सोफ्यावर इतक्या वर्षांत झोपलो नव्हतो.

सकाळी सहाला मला आपोआप जाग आली. फोन वाजणार नव्हता. मामा चुलीपुढे बसलेले, गोठ्याकडे गेलेच नव्हते. मला ते बघवेना. मीच बाहेर गेलो, मेढीवरचा आकडा बघितला. आत येऊन खुंटीवरचा बघितला.

"मामा, आत सतरा, भायेर धा."

"सोळा असंल. चष्मा लाव."

"लावलाय."

ते उठले. स्वतः बघितलं. तापमापक बोटानं टिचकवून पुन्हा बघितलं. मग गोठ्याकडे जाऊन आले. "सातचा फरक! आन काल तर उंबऱ्याखालची फट बी पुरी बुजीवली न्हाई." घरभर नजर फिरवत फिरवत ते माझ्यापाशी आले.

"तू झोपला व्हतास हितं."

"हो."

"आरं तिच्या! माणसाची बी ऊब असती की." मग उजव्या हाताचा अंगठा एकेका बोटावर ठेवत गेले. इलास, सूनबाई, ओवी. "तीन धरली तर वीस."

"पोरीला वीस चाललं असतं," मामी चुलीपासून म्हणाल्या.

मामांनी कानटोपी घातली, फोन घेतला आणि दाराकडे निघाले.

"कुठे निघालात?"

"मोरीवर."

"पण मी तर इथेच आहे. फोन कुणाला?"

"इलासला." उंबऱ्यात ते थबकले. "ह्ये तापमापकाचं त्येला कंदी सांगितलंच न्हाई म्या. म्हटलं, त्येला वाटंल, बाप बोलावतुया."

मी दारातून बघत राहिलो. धुक्यात ते कठड्यावर चढले, फोन कानाला लावला. सरळ उभे राहिले, एका कानावरून दुसऱ्या कानावर नेला, पुन्हा लावला. मग सावकाश उतरून आले.

"उचलला न्हाई," ते म्हणाले. "झोपली असतील. झोपू दे. तितं लई थंडी हाय."

मामींनी सुईत दोरा ओवला. मामा घमेल्यापाशी बसले, सुकलेल्या मातीत त्यांनी पाणी घातलं आणि ती पुन्हा कालवायला लागले.