काठोकाठ पियाला

मार्गिलानच्या कालव्याकाठी मखकम अकांचा चायखाना होता. तिथे दर शुक्रवारी आम्ही सहा मित्र पुलाव खात असू. म्हणजे तांदूळ आम्ही न्यायचे, मटण आम्ही न्यायचं, गाजरं आम्ही चिरायची, चुलीसमोर घामाघूम आम्ही व्हायचं आणि शेवटी कढईही आम्हीच घासायची. अका चूल, सावली आणि चहा पुरवत. चायखान्यांची रीतच ती आहे. त्यामुळे गिऱ्हाइकाचा पाणउतारा करायला मालकाला भरपूर वेळ मिळतो.

अका पूर्वी नगरपालिकेच्या बागखात्यात होते. निवृत्त होताना त्यांनी खात्यातला एक शिक्का घरी आणला आणि चायखान्यात पाट्या लागू लागल्या. सूचना क्रमांक एक : पुलाव शिजवण्यासाठी तीन दिवस आधी लेखी अर्ज करावा. सूचना क्रमांक दोन : कढई वापरानंतर घासावी, तसेच वापरापूर्वीही घासावी. सूचना क्रमांक तीन : तयार पुलावाची पहिली ताटली गुणवत्ता तपासणीसाठी जमा करावी. तपासणी अका स्वतः करत. निकाल बहुधा अनिर्णित लागे आणि फेरतपासणीसाठी दुसरी ताटली जाई.

आमच्यातला सोबिर दातांचा डॉक्टर. एकदा त्यानं मीठ मागितलं.

"दात काढताना पेशंट तुझ्याकडे काही मागतो का?" अकांनी विचारलं.

"नाही."

"मग तूही गप बस."

आम्ही पोट धरून हसलो. खोटं कशाला बोलू, आम्हाला अकांचा अभिमान होता. बाहेरगावच्या माणसाला आम्ही मिजाशीत सांगायचो, की आमचे अका कुणाची पर्वा करत नाहीत. माझ्याकडे नवरदेवांच्या लग्नाच्या झग्यांची कामं तुंबलेली असायची, तरी मी शुक्रवार चुकवला नाही. गावात माझ्यासारखा झगा शिवणारा दुसरा नाही, गिऱ्हाईक थांबतं.

मग सूचना क्रमांक चार आली : मनुष्यबळाची बचत व्हावी म्हणून यापुढे पियाला एकदाच, काठोकाठ भरला जाईल.

सगळे गार पडले. पाहुण्याच्या पियाल्यात दोन घोट ओतायचे, संपले की पुन्हा दोन घोट. जितका चहा कमी तितका मान जास्त. काठोकाठ भरला, की त्याचा अर्थ प्या आणि चालू लागा. हे आमच्याकडे रांगत्या पोरालाही कळतं.

"अका, निदान अर्धा तरी..." मी म्हणालो.

"पटत नसेल तर जा की. जाऊन जाऊन जाणार कुठे? येणार परत इथंच."

ते खरंही होतं. त्याच वसंतात शाळेच्या स्वयंपाकघरातून निवृत्त झालेल्या ओयदिन आपांनी कालव्यापलीकडे तुतीच्या झाडांखाली चार बाजा टाकल्या, तेव्हा आम्ही त्यांची चेष्टाच केली. चूल नवी होती आणि पाटी एकही नव्हती.

एवढ्यात माझ्या लेकीचं, नफिसाचं लग्न ठरायला आलं. मुलगा तिच्या मनातला होता. त्याचे वडील काय म्हणतील या काळजीनं पोरीचं पंधरा दिवस जेवणावरून लक्ष उडालं होतं. ते योल्दोश साहेब नमनगानहून बोलणी करायला आले. एवढ्या मोठ्या माणसाला न्यायचं तर अकांकडेच, म्हणून मी त्यांना तिथे नेलं.

अका किटली घेऊन आले. मी उठून त्यांना बाजूला घेतलं.

"अका, होणारे व्याही आहेत. आज तेवढे दोनच घोट ओता. माझ्या पोरीचा प्रश्न आहे."

"नियम सगळ्यांना सारखा," असं म्हणून त्यांनी असा पियाला भरला, की चहा सतरंजीवर सांडला.

योल्दोश साहेबांनी पियाल्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, निरोप घेतात तसा छातीवर हात ठेवला आणि ते उठले.

"कळलं मला," ते म्हणाले.

धावत जाऊन मी त्यांना कालव्याच्या पुलावर गाठलं. तिथून सर्वांत जवळ होत्या त्या ओयदिन आपांच्या बाजा. आपांनी आधी उशी ठेवली, मग दोन घोट ओतले. पुन्हा दोन, पुन्हा दोन. अकराव्यांदा ओतलं तेव्हा व्याह्यांनी तारीख काढायला सांगितली. मी तिथेच रडलो, सांगायला लाज वाटत नाही.

पुढच्या शुक्रवारी आम्ही तांदूळ-मटण घेऊन थेट पूल ओलांडला. कापूस वेचणीपर्यंत सगळं गाव पलीकडे गेलं. अकांनी शेवटची पाटी लावली : पात्र ग्राहकांअभावी चायखाना बंद. परवा ते स्वतः आपांकडे कोपऱ्यात बसले होते. त्यांच्या पियाल्यात दोनच घोट होते आणि ते खाली मान घालून पीत होते. मला फार वाईट वाटलं. माणसानं गिऱ्हाइकाला इतकं गृहीत धरू नये, एवढंच माझं म्हणणं आहे.

असो, तुमचं काय काम होतं? मघापासून माझ्या दुकानाच्या दारात उभे आहात, ते पाहतोय मी. स्टूल आहे, पण ते कापड ठेवायला. मुलाचा झगा ना? शुक्रवारी देतो म्हटलं होतं, कुठल्या शुक्रवारी ते म्हटलं नव्हतं. लग्न उद्या असेल तर ते तुम्ही बघा. मागच्या गल्लीत एक नवी पोरगी मशीन टाकून बसली आहे म्हणे. खुशाल जा तिच्याकडे. जाऊन जाऊन जाणार कुठे?