कडेगावची आईस हाकी

तानुबाईंनी सोमवारची पूजा आटोपली, दोन लुगड्यांचं गाठोडं बांधलं आणि त्या महादेवाच्या देवळात जाऊन बसल्या. मुलगा मानसिंग इटलीच्या लढाईवरून परतून महिनाही झाला नव्हता.

आग लावली ती शेजारच्या शालूबाईंनी. "आवं तानुआक्का, तुमचा मानसिंग चावडीम्होरं सांगत हुता. म्हनं, गावात आईस हाकी सुरू करनार."

"आईस?"

"व्हय. लष्करात ऱ्हाऊन पोथीवानी बोलाय लागलाय. पर हाकी म्हंजे हाकलनारच की!"

मानसिंगला याचा पत्ता नव्हता. तिकडं गोठलेल्या तळ्यावर गोरे सोल्जर पात्यांचे बूट घालून काठ्यांनी चकती हाणताना त्यानं पाहिले होते. इथं चैत्रात तळं गोठणार कुठून? म्हणून त्यानं मिरजेहून बर्फाच्या लाद्या मागवल्या होत्या. बूट नव्हते, तेव्हा खेळाडूंच्या तळपायांना खोबरेल चोळलं होतं.

मिरजेहून वडूजला जाणारी लियाकतची प्रवासी मोटार खळ्यापाशी थांबली. टपावरून धारा लागल्या होत्या.

"उतरून घ्या बिगीबिगी! आत बसलेल्यांनी वाटेत छत्र्या उघडल्या गड्या!" लियाकत ओरडला.

लाद्या मांडून होतात तोच गुंडा पळत आला. "मानसिंग, तुजी आय देवळात बसलीया! लेकानं हाकलायच्या आत जाते म्हनती, वडूजला, भावाकडं. हीच मोटार धरनार हाय!"

मानसिंग तसाच धावला. तेलकट पायांनी पायरीवरून घसरला तो थेट आईपुढं. हातात काठी.

"काठी बी आनलीस व्हय रं?" तानुबाईंनी पदर डोळ्यांना लावला.

"आयं, आईस म्हंजे बरफ! विंग्रजीत!"

"मग बरफ म्हन की! आयला कशाला मधी घेतोस?"

"चल, डोळ्यांनी बग. मग जा."

त्या गाठोड्यासकट खळ्यावर आल्या. सारे खेळाडू एकमेकांवर पडले होते आणि चकती कुणाच्या तरी धोतरात हरवली होती. तानुबाईंनी लादीला बोट लावलं, चटकन मागं घेतलं, पुन्हा लावलं.

"उपासाला चालतं का वं हे?"

मागोमाग आलेला देवळातला गुरव म्हणाला, "निस्तं पानीच की, आक्का."

तानुबाईंनी गाठोडं सोडलं, एक तुकडा लुगड्यात गुंडाळला आणि मुसळानं कुटला. मग दुसरा. कुणी गूळ आणला, कुणी लिंबं. खेळाडू काठ्या टाकून पेले घेऊन बसले.

"आयं, आमचं मैदान!" मानसिंग कळवळला.

"पी गप."

मैदान संपत आलं तसा लियाकतनं भोंगा वाजवला. "आक्का, वडूजला येताय नव्हं?"

तानुबाईंनी ओल्या लुगड्यांकडं पाहिलं. इतक्यात शेजारच्या गावचा आकाराम पैलवान मिशा पुसत उठला. "मानसिंगराव, खेळ लय ग्वाड हाय बगा! फुडल्या सोमवारी आमचं गाव तुमच्यासंगं खेळनार. लिंबं आमची!"

"जा बाबा तू," तानुबाई लियाकतला म्हणाल्या. "आन फुडल्या बारीला लाद्या वाईच जास्त आन. ह्यो खेळ एकट्या पोराला झेपायचा न्हाई."