मुद्दाम चुकणारे कर्नल

आमचे शेजारी कर्नल दाभाडे भल्या पहाटे गोल्फच्या मैदानावर उभे राहून मुद्दाम चुकीचे फटके मारत होते. मी ते पाहत होतो, कारण लखनौच्या अख्ख्या तेलीबाग वस्तीत स्कूटर असलेला दुसरा रिकामा मराठी माणूस त्यांना सापडला नव्हता.

एरवी हा गृहस्थ चूक सहन करणाऱ्यांतला नाही. मूळचे सातारचे, तोफखान्यातून निवृत्त. आमच्या घरी पोहे खाताना बायकोला म्हणाले, "मोहरी तडतडायच्या आधी कांदा पडला. कमांड चुकली." सब्जीवाल्या भैयाला ते दुधी उंचीप्रमाणे लावायला लावतात. तो लावतो, लखनौची माणसं सभ्य आहेत.

गोल्फमध्ये पहिला लांब फटका मारायच्या काठीला ड्रायव्हर म्हणतात. कर्नलांचा ड्रायव्हर जुना, लाकडी डोक्याचा. हल्ली निघालेल्या धातूच्या फुगीर डोक्यांवर त्यांचा भारी राग. त्यात चेंडू कडेला लागला तरी बऱ्यापैकी सरळ जातो, म्हणजे चुकीला माफी. "माफी हवी तर देवळात जा. मैदानावर कशाला येता?"

त्यांचे जोडीदार सक्सेनासाहेब, लखनौच्याच महानगर नावाच्या वस्तीतले निवृत्त प्राध्यापक. अकरा वर्षं दोघे रोज सोबत खेळले आणि कर्नल त्यांना रोज ओरडले. उन्हाळ्यात सक्सेनांना अर्धांगवायूचा झटका आला. त्यातून ते उठले, पण डाव्या हाताची पकड गेली. एकदा आले, तीन फटके झाडीत घातले आणि हसून म्हणाले, "अब हमसे न होगा, कर्नल साहब. आप खेलिए." पुन्हा आले नाहीत.

"बरं झालं," कर्नल मला म्हणाले, "आता खेळ वेळेत संपतो." संपल्यावर ते नऊ-नऊ वाजेपर्यंत एकटेच बाकावर बसून असतात, हे मला तिथल्या माळ्याने सांगितलं.

आणि मग हेच तत्त्वनिष्ठ गृहस्थ दिल्लीहून फुगीर ड्रायव्हर मागवू लागले. पहिला परत गेला, दांडा जड. दुसराही गेला, "तोंड फार उभं, चेंडू उठतच नाही." तिसरा वर्तमानपत्रात गुंडाळून आला, तो चारबाग स्टेशनवर जाऊन मी उतरवून घेतला. कुलीने विचारलं, "बाबूजी, हुक्का है क्या?" म्हातारपण आलं की तत्त्वं गळतात, असं मी कर्नलांना ऐकवलंसुद्धा.

तर त्या पहाटे ते या तिसऱ्या ड्रायव्हरने मारत होते. डावा हात दांड्यावर नुसता टेकवलेला, बोटं मिटलेली नाहीत. चेंडू कधी फुगीर डोक्याच्या टोकाला लागे, कधी दांड्याकडच्या टाचेला, तरी बरेचसे समोरच जात.

"अहो, नीट धरा की," मी म्हणालो.

"नीट धरून मला काय कळणार? त्याला धरता येत नाही ना."

मला माझ्या जिभेची लाज वाटली.

दुपारी आम्ही महानगरला सक्सेनांच्या घरी गेलो. "सक्सेना, ये हमने गलत मँगा लिया," कर्नल दारातूनच म्हणाले. "घर में बेकार पड़ा है. आप रख लीजिए."

सक्सेनासाहेबांनी उजव्या हाताने ड्रायव्हर उचलला. हलका होता. डावा हात येतो तिथे कर्नलांनी जाड पट्टी गुंडाळली होती. सक्सेनांनी आपली अधू बोटं एकेक करून तिच्यावर बसवली. ती बसली.

"गलत मँगाया है," ते हळूच म्हणाले, "तो नाप हमारे हाथ का कैसे है?"

कर्नल खिडकीबाहेर बघत राहिले. "सुबह साढ़े पाँच बजे," ते म्हणाले. "देर मत कीजिएगा."