आप्पांच्या संगणकाची पत्रिका

"दोन तास! फक्त दोन तास द्या मला," अपेक्षा कमरेवर हात ठेवून म्हणाली. "संगणक चालू करून दाखवते. नाही झाला, तर एम.एस्सी.ची पदवी विद्यापीठाला परत करते!"

"विद्यापीठ घेतं का परत?" आप्पासाहेबांनी चष्मा पुसत विचारलं. "आधी चौकशी करून ठेव."

प्रसंग बाका होता. आप्पा म्हणजे अपेक्षाचे मोठे काका. नारायण पेठेतल्या त्यांच्या घरी राहूनच ती भौतिकशास्त्र शिकली. बँकेतून निवृत्त झाल्यापासून आप्पा हौसेने लोकांच्या पत्रिका जुळवत. त्यासाठी त्यांच्याकडे एक संगणक होता. मॉनिटर धान्याच्या कोठीएवढा, आवाज पिठाच्या गिरणीसारखा! त्यातला पत्रिकेचा प्रोग्राम नव्या संगणकावर चालत नसे, आणि हा जुना संगणक आप्पांशिवाय कोणाचं ऐकत नसे.

आज त्यावर अपेक्षाचीच पत्रिका जुळवायची होती. मुलगा ठरला होता. तिनेच ठरवला होता. तेजस मूळचा वर्ध्याचा, खराडीला सॉफ्टवेअर कंपनीत नोकरीला. दोन्ही घरांचा होकार होता. घोडं अडलं होतं तेजसच्या आजीपाशी. सुंदराबाई वर्ध्याहून खास पत्रिका बघायला आल्या होत्या आणि संध्याकाळच्या गाडीने परत जाणार होत्या. पत्रिका पाहिल्याशिवाय त्या हो म्हणणार नव्हत्या, आणि त्या हो म्हटल्याशिवाय तेजसच्या घरात कुकरसुद्धा शिट्टी देत नसे.

अपेक्षाचा पत्रिकेवर काडीचा विश्वास नव्हता. "माझं लग्न हे डबडं ठरवणार? बंद पडो मेलं!" असं ती आदल्या दिवशीच सगळ्यांसमोर म्हणाली होती.

आणि आज सकाळी ते बंद पडलं! काळ्या पडद्यावर इंग्रजीत एकच पांढरी ओळ आली. अर्थ असा, की सिस्टीमची एक फाइल सापडत नाही.

सगळ्यांनी पडद्याकडे पाहिलं. मग सगळ्यांनी अपेक्षाकडे पाहिलं.

"मी हातसुद्धा लावलेला नाही!"

"हात कशाला लावायला हवा?" काकू म्हणाल्या. "तोंड चालवलंस तेवढं पुरलं."

"भेव वाटलं असंन पोरीले," सुंदराबाई सोफ्यावरून म्हणाल्या. "पत्रिका जुळली नाई तं काय, म्हनून बंद पाडलं असंन थे."

झालं! बाकी काहीही म्हटलं असतं तरी चाललं असतं. पण भीती? अपेक्षा फटाक्याच्या माळेसारखी पेटली. "मी घाबरत नाही! आता मीच हा चालू करणार. त्याच्यावरच पत्रिका बघा. नाही जुळली तरी लग्न करणार, पण घाबरून बंद पाडला असं कोणी म्हणायचं नाही!"

"अपू," तेजस हळूच म्हणाला, "बंद आहे तर राहू दे ना. मोबाइलवर अ‍ॅप असतं—"

"मोबाइलवरची पत्रिका?" आप्पांना ठसकाच लागला. "परवा एकाने दाखवली. राहू आणि केतू यांच्यामध्ये चपलांची जाहिरात! चाळीस टक्के सूट!"

अपेक्षाने पंचा अंथरून शस्त्रक्रिया सुरू केली. कॅबिनेटचं झाकण उघडलं, हार्ड डिस्कला कान लावला. डिस्क शांतपणे फिरत होती. खडखड नाही, टकटक नाही. "डिस्क जिवंत आहे," तिने जाहीर केलं. "फक्त सिस्टीम बिघडली आहे. मूळ सीडी टाकून दुरुस्त करायची. आतल्या पत्रिकांना धक्का लागणार नाही."

आप्पांनी मूळ सीडी कपाटातून काढली. ती रेशमी खणात गुंडाळलेली होती. पण सीडीचा ट्रे उघडेना. अपेक्षाने चिमट्याने ओढला, तेव्हा आतून मूठभर अक्षता आणि झेंडूच्या वाळक्या पाकळ्या बाहेर पडल्या.

"काकू!"

"खंडेनवमीला पूजा करते मी त्याची," काकू ताठ मानेने म्हणाल्या. "एवढं ताट आपणहून पुढे केलं त्याने, मग रिकामं कसं परत पाठवायचं?"

जुना सीडी ड्राइव्ह आणायला तेजसला बुधवार पेठेत पिटाळलं. दुकानदार त्याला म्हणाला, "सीडी ड्राइव्ह? संग्रहालयात विचारलंत का?" पण मग त्यानेच खालच्या खणातून एक शोधून दिला. देवाला साकडं घालावं म्हणून तेजस तिथूनच दगडूशेठच्या रांगेत उभा राहिला. परत आला तेव्हा त्याच्या एका हातात ड्राइव्ह होता आणि दुसऱ्या हातात पेढ्यांचा पुडा.

सीडी फिरू लागली. पडद्यावर प्रश्न आला, डिस्क पूर्ण पुसून टाकू का? आप्पांचा हात सवयीने एंटरकडे गेला.

"आप्पा!!" अपेक्षा किंचाळली. "आत्ता अर्ध्या पुण्याची लग्नं मोडली असती!"

"मला वाटलं, फडक्याने पुसतोय," आप्पा हात मागे घेत म्हणाले.

तिने 'दुरुस्ती' निवडलं. काम सुरळीत चाललं, आणि मग सिस्टीमने स्वतःचा परवाना क्रमांक मागितला. तो कॅबिनेटवरच्या चिकटपट्टीवर होता. पण नेमका त्याच्यावर दर खंडेनवमीला काढलेल्या कुंकवाच्या स्वस्तिकाचा थर! अपेक्षाने ओलं फडकं उचलताच काकू आडव्या आल्या.

"कुंकू पुसायचं नाही! आज तर मुळीच नाही. लग्नाची बोलणी चालली आहेत घरात!"

"काकू, याचं कुंकू पुसलं नाही तर माझं लागणार नाही!"

काकूंनी क्षणभर हिशेब केला आणि स्वतःच फडकं घेतलं.

अखेर गिरणीचा आवाज झाला, पडदा उजळला, आप्पांच्या पत्रिका जिथल्या तिथे दिसल्या. अपेक्षाने सुंदराबाईंकडे असं पाहिलं, जणू गडच सर केला होता. "घ्या आजी! आता बोला, घाबरतंय कोण?"

"हाव, समजलं. बस खाली," सुंदराबाई म्हणाल्या.

आप्पांनी जन्मतारखा टाकल्या. प्रिंटर रडतखडत चालला. आप्पांनी कागद डोळ्यांपाशी नेला, लांब धरला, पुन्हा जवळ आणला. "छत्तीसपैकी एकतीस! इतके गुण मी कित्येक वर्षांत पाहिले नाहीत!"

एकच जल्लोष! तेजसने पेढ्यांचा पुडा फोडला. काकूंनी पहिला पेढा सुंदराबाईंच्या तोंडात घातला. अपेक्षा मात्र कागदावर वाकलेली.

"थांबा," ती म्हणाली. "तेजसचा सूर्य मीन राशीत कसा?"

"असू दे," तेजस म्हणाला.

"असू दे काय? तुझा जन्म चार नोव्हेंबरचा. नोव्हेंबरात सूर्य तुळेत असतो. मीनेत जायला पृथ्वीला अर्धी फेरी मारावी लागेल!"

"मारू दे की तिला!" तेजस कासावीस झाला. "अपू, प्लीज!"

पण सूर्य चुकीच्या जागी आणि अपेक्षा गप्प, हे होणं नव्हतं. तिने दोन मिनिटांत चोर पकडला. दुरुस्तीत सगळं मूळपदावर गेल्यामुळे तारीख अमेरिकन पद्धतीची झाली होती. आधी महिना, मग दिवस. चार नोव्हेंबरचा अकरा एप्रिल झाला होता! तिची स्वतःची तारीख पाच मे, ती उलटी केली तरी तीच. तिने सेटिंग बदललं आणि विजयी मुद्रेने पुन्हा बटण दाबलं.

प्रिंटर पुन्हा रडला. आप्पांनी कागद वाचला आणि हळूच पालथा ठेवला.

"किती?" काकूंनी विचारलं.

"अकरा."

अठराच्या खाली आप्पा स्थळाला हातसुद्धा लावू देत नसत. अपेक्षा उठून उभी राहिली. कान लाल झाले होते, पण मान ताठ होती. "अकरा तर अकरा! खोट्या एकतिसांवर पास व्हायची मला गरज नाही. नापास होऊन लग्न करीन, पण तेजसशीच करीन!"

सगळ्यांच्या नजरा सुंदराबाईंवर. त्यांनी सावकाश घास गिळला.

"म्या तं पेढा खाल्ला," त्या म्हणाल्या. "सोयरिकीचा पेढा पोटात गेला, मंग थो काय वापस काढू? झालं लगन पक्कं! अन् पोरगी सोताच्या लगनात खोटं चालू देत नाई, मंग तेजसचं काय चालू देईन? लय बेस झालं त्याच्यासाठी."

तेजसचा श्वास मोकळा झाला. काकूंनी डोळे टिपले. आप्पा समाधानाने मागे टेकले. एवढ्यात अपेक्षाची नजर पडद्याच्या उजव्या कोपऱ्यातल्या घड्याळाकडे गेली.

"अरेच्चा! वेळसुद्धा अमेरिकेचीच धरली आहे त्याने! म्हणजे हे अकराही खरे नाहीत. कदाचित अकराच्याही खा—"

तेजसने झडप घालून भिंतीतला प्लगच उपटला. पडदा काळा झाला, गिरणी थांबली.

"लाइट गेली," आप्पा गंभीरपणे म्हणाले.

अपेक्षाने वर पाहिलं. पंखा गरगर फिरत होता. हे निदर्शनास आणून द्यायला तिने तोंड उघडलं, आणि काकूंनी त्यात अख्खा पेढा कोंबला.