लिफ्टवाल्यांनी पाहिलेली शाळा

"इमारत कशी आहे ते मला तळमजल्यावरच कळतं," लिफ्टवाले म्हणाले. "शाळा म्हणजे तरी काय, इमारतच. तू तुझं हॉस्पिटल सांभाळ. शाळेचं माझ्यावर सोड."

परदेशातल्या नव्या घरात खोकी अजून फोडायची होती. त्यातल्याच एका खोक्यावर बसून चहा पिता पिता त्यांनी बायकोला हे आश्वासन दिलं. बायको डोळ्यांची डॉक्टर. तिला इथल्या हॉस्पिटलात बोलावणं आलं, म्हणून सगळं कुटुंब इथे आलेलं. लिफ्टवाल्यांची उभी हयात लिफ्ट तपासण्यात गेली होती. दोर, दरवाजे, ब्रेक बघायचे आणि ही लिफ्ट चालवावी की बंद ठेवावी ते सांगायचं. त्या कामाला लांब रजा टाकून ते आले होते, त्यामुळे मुलींची शाळा शोधणं आपोआप त्यांच्या वाट्याला आलं. सरकारी शाळांतल्या जागा भरून गेल्या होत्या. उरल्या खाजगी.

डॉक्टरीणबाई फार बोलत नसत. त्यांनी नवऱ्याकडे एकदा पाहिलं आणि म्हणाल्या, "अहो, इमारत बघा, पण थोरलीकडेही बघा."

थोरलीचं जरा अवघड होऊन बसलं होतं. वय अकरा. तिकडे असताना शेजारपाजारचे तिला रेडिओ म्हणायचे. इथे आल्यापासून रेडिओ बंद. इथली भाषा ती घरी पुस्तकातून भराभर वाचायची, टीव्हीवरच्या बातम्या कळायच्या तिला, पण बाहेर पडली की तोंडाला कुलूप. दुकानात पाव हवा असला तरी बोटाने दाखवायची. "चुकलं तर हसतील," एवढंच एकदा ती आईला म्हणाली होती. धाकटीला असली काही अडचण नव्हती. सात वर्षांची ती, येणारे चार शब्द वापरून जिन्यातल्या सगळ्यांशी भांडून आली होती.

पहिल्या शाळेत पोहण्याचा तलाव होता, घोडे होते आणि दाराची बिजागरी करकरत होती. लिफ्टवाल्यांनी दारातच मान हलवली. "घोड्यांना वेळ आहे, दाराला तेल घालायला नाही." त्या शाळेचा निकाल लागला. दुसरी शाळा मात्र त्यांना पसंत पडली. जिने रुंद, कठडे पक्के, दिवे झकास. पण तिथल्या बाईंनी थोरलीला काही विचारलं, थोरली आपल्या बुटांकडे बघत राहिली, आणि बाई गोड हसून म्हणाल्या, "हिला दोन वर्षं मागे बसवू या. भाषा आली की पुढचं पुढे."

घरी येताना थोरली बसच्या खिडकीला डोकं टेकून बसली होती. लिफ्टवाल्यांना त्या शाळेचे कठडे एकदम पोकळ वाटायला लागले.

मग उरली तिसरी शाळा. जुनी, विटांची, बाजाराच्या मागच्या गल्लीत. ठरलं असं, की लिफ्टवाल्यांनी तासभर आधी जाऊन शाळा पाहून घ्यायची आणि डॉक्टरीणबाई हॉस्पिटलातून सुटल्या की मुलींना घेऊन येणार. इथल्या भाषेत लिफ्टवाले धीट होते. व्याकरण त्यांना मान्य नव्हतं, पण आवाज मोठा होता. तरी खबरदारी म्हणून त्यांनी आरशासमोर एक वाक्य घोटून ठेवलं: "मी मुलांसाठी आलो आहे."

शाळेत शिरल्यावर कचेरीच्या काचेमागे एक बाई फोनवर कुणाला तरी काकुळतीने सांगत होत्या, की अजून नाही आले हो, वर्ग नुसता बसलाय. लिफ्टवाल्यांनी घसा साफ केला आणि आपलं वाक्य म्हटलं.

काचेमागच्या बाईंचा चेहरा उजळला. "मुलांसाठी? अहो, केव्हाची वाट बघतेय मी! चला, चला."

त्यांनी लिफ्टवाल्यांचा कोट काढून घेतला, हातात खडू दिला आणि दोन जिने चढवून त्यांना एका वर्गात सोडलं. वर्गात अकरा-बारा वर्षांची मुलं होती, ती सगळी उठून उभी राहिली. दार बंद झालं.

एखादा साधा माणूस इथे म्हणाला असता, की काहीतरी घोटाळा झालाय. विज्ञानाच्या शिक्षिका आजारी आहेत, त्यांच्या जागी बदली शिक्षक यायचाय, आणि तो समजून आपल्याला इथे आणलंय, हे लिफ्टवाल्यांना कळायला काही मार्गच नव्हता. त्यांनी ऐकलं होतं ते वेगळंच. खाजगी शाळांत म्हणे मुलांपेक्षा आईबापांची परीक्षा कडक असते. म्हणजे ही ती परीक्षा. थोरलीची जागा या खडूवर अवलंबून आहे. त्यांनी बाह्या वर सरकवल्या.

"मी लिफ्ट आहे," त्यांनी सुरुवात केली. त्यांना म्हणायचं होतं, मी लिफ्टचं काम करतो.

कुणी हसलं नाही. पहिल्या बाकावरची, डोक्यावर लोकरीचा टोप असलेली एक मुलगी अदबीने म्हणाली, "तुम्ही लिफ्टचं काम करता. छान."

"हो. लिफ्ट आहे," लिफ्टवाले खूश होऊन म्हणाले.

मग त्यांनी फळ्यावर लिफ्ट काढली. खरं सांगायचं तर चित्र सुरेख आलं. एका टोकाला माणसं उभी राहतात तो पाळणा, वर चाक, चाकावरून गेलेला दोर आणि दोराच्या दुसऱ्या टोकाला एक मोठं वजन. हे वजन पाळण्याचा भार तोलून धरतं, म्हणून मोटरला सगळा भार उचलावा लागत नाही. लिफ्टवाल्यांच्या आवडीचा विषय. झोपेतून उठवलं तरी सांगतील.

अडचण एवढीच, की इथल्या भाषेत 'वजन' आणि 'सासू' या शब्दांत एका स्वराचा फरक आहे. वजन म्हणताना तोंड उघडायचं असतं आणि सासू म्हणताना मिटायचं. लिफ्टवाल्यांनी मिटलं.

"लिफ्टमध्ये माणसं," ते म्हणाले. "दोराच्या दुसऱ्या टोकाला सासू बांधतात. माणसं वर जातात, सासू खाली येते. सासू वर जाते, माणसं खाली येतात."

मागच्या बाकावरच्या दोघांनी ओठ दाताखाली धरले. टोपवाल्या मुलीने हात वर केला. "सर, म्हणजे वजन खाली आलं की लिफ्ट वर जाते?"

"बरोबर. सासू खाली, लिफ्ट वर."

"आणि ते वजन किती जड असावं लागतं?"

"चांगला प्रश्न," लिफ्टवाले म्हणाले. "सासू म्हणजे रिकामी लिफ्ट अधिक निम्मी माणसं. त्याहून हलकी सासू चालत नाही. त्याहून जड सासू धोका."

मुलांनी ते वहीत उतरवून घेतलं. लिफ्टवाल्यांना असं ऐकणारं माणूस बऱ्याच दिवसांत भेटलं नव्हतं. त्यांना स्फुरण चढलं. नुसतं सांगून काय, करूनच दाखवू. त्यांनी खिडकीच्या पडद्याचा दोर सोडवला, पडद्याच्या दांडीवरून टाकला, एका टोकाला एक दप्तर बांधलं आणि दुसऱ्या टोकाला पुस्तकांची थप्पी.

खाली तळमजल्यावर तोवर वेगळंच चाललं होतं.

खरा बदली शिक्षक धापा टाकत पोचला होता. पोरसवदा, पहिलीच नोकरी, बस चुकलेली. मुख्याध्यापिका बाई दारातच पाहुण्या पालकांची वाट बघत उभ्या. "मुलांसाठी आलात ना?" त्यांनी विचारलं. तो हो म्हणाला. खोटं काय होतं त्यात? बाईंनी त्याला ग्रंथालय दाखवलं, प्रयोगशाळा दाखवली, बागेतली टोमॅटोची रोपं दाखवली. नव्या शिक्षकाचा एवढा मान ठेवतात हे बघून तो भारावून गेला.

"थोरली बोलत नाही, असं फोनवर कळलं होतं," बाई म्हणाल्या. "आणि धाकटी?"

त्याला वाटलं, वर्गातल्या मुलींबद्दल विचारताहेत. "दोघींनाही अजून भेटलो नाही," तो म्हणाला.

बाई जरा थबकल्या. "कामामुळे?"

"बस चुकली."

"बरं. तुमची बायको येणार आहे ना?"

तो कानापर्यंत लाल झाला. "आई म्हणते, येईल कधीतरी."

बाईंनी हातातली किल्ली खाली ठेवली. या घरात काहीतरी फार बिनसलेलं आहे आणि मुलींना आधाराची गरज आहे, असं त्यांच्या मनाने घेतलं. त्यांनी त्या पोराला खुर्चीत बसवून पाणी दिलं. तेवढ्यात डॉक्टरीणबाई मुलींना घेऊन दारात उभ्या राहिल्या.

"या," मुख्याध्यापिका हळुवार आवाजात म्हणाल्या. "तुमचे मिस्टर आतच बसलेत."

धाकटीने पुढे होऊन नीट पाहिलं. "हे कोण?"

पोरगा उठून उभा राहिला. डॉक्टरीणबाईंनी त्याच्याकडे पाहिलं, मुख्याध्यापिकांकडे पाहिलं, मग काचेमागे खुंटीला लटकलेला ओळखीचा कोट पाहिला. बाकीचं त्यांना कुणी सांगावं लागलं नाही. रोग्याच्या डोळ्यात एकदाच बत्ती मारून निदान करणारी बाई ती.

"माझे मिस्टर जरा जाड आहेत," त्या म्हणाल्या. "आणि आवाज मोठा आहे."

"मग ते आहेत कुठे?"

वर काहीतरी धडाडकन कोसळलं. छताची धूळ भुरभुरत टेबलावर आली.

"दुसऱ्या मजल्यावर," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

सगळे धावत जिने चढून वर गेले. वर्गाच्या दारातून दिसलं ते असं: पडद्याची दांडी भिंतीतून उखडून खाली आलेली, निळा पडदा लिफ्टवाल्यांच्या अंगावर, आणि पडद्याखालून त्यांचा आवाज चालूच. दोन मुलं दांडी बाजूला करत होती. एक मुलगी केरसुणी घेऊन आली होती. टोपवाली मुलगी पडदा उचलत विचारत होती, "सर, लागलं का कुठे?"

डॉक्टरीणबाई पुढे व्हायला निघाल्या, तशी मुख्याध्यापिकांनी त्यांच्या दंडाला हात लावला. "थांबा जरा," त्या पुटपुटल्या. "मला ऐकायचंय."

लिफ्टवाले बाहेर आले. केसांत चुना, खांद्यावर पडदा. दाराकडे त्यांची पाठ होती. हार मानणारा माणूस नव्हताच तो.

"बघितलं?" ते वर्गाला म्हणाले. "हे का होते? आम्ही सासू नीट मोजली नाही. सासू पडते, मग सगळे पडते. म्हणून मी रोज सासू तपासतो. हात लावतो, हलवतो, तेल घालतो—"

"बाबा, सासू नाही!"

आवाज खणखणीत होता आणि इथल्या भाषेत होता. थोरली आईच्या मागून पुढे आली होती. "सासू नाही हो. वजन. तोंड उघडून म्हणायचं, वजन. आणि 'सासू तपासतो' काय म्हणताय? मी वजन तपासतो, म्हणा. आणि दोराला तेल घालतात, वजनाला नाही, तुम्हीच सांगितलं होतंत मला." एका दमात सगळं. मग आपण कुठे उभ्या आहोत ते तिच्या लक्षात आलं आणि तिने तोंडावर हात ठेवला.

कुणी हसलं नाही. टोपवाल्या मुलीने आपलं दप्तर बाकावरून खाली ठेवलं आणि ती सरकून बसली. "इथे ये. तुला लिफ्टचं सगळं माहीत आहे?"

"थोडंसं," थोरली म्हणाली, आणि जाऊन बसली.

लिफ्टवाले तिच्याकडे बघत राहिले. आपण इतका वेळ काय काय बोललो ते त्यांच्या डोक्यात एकेक करून उलगडत गेलं. ते वर्गाकडे वळले. "मला कुणी सांगितलं का नाही?"

"सांगत होतो, सर," टोपवाली म्हणाली. "आम्ही बरोबर शब्द बोलून दाखवत होतो. इथे तसंच करतात. मी आले तेव्हा मी सगळ्यांना 'नमस्कार'च्या जागी 'बटाटा' म्हणायचे."

लिफ्टवाल्यांनी केसांतला चुना झटकला. त्यांनी दारांची बिजागरी पाहिली नव्हती, कठडे हलवून पाहिले नव्हते, आणि भिंतीत दांडी किती कच्ची बसवली होती ते तर सगळ्यांनीच पाहिलं होतं. तरी त्यांनी मनाशी शिक्का मारून टाकला. जिथे सासू तासभर वर-खाली होते आणि एकही पोर नवख्या माणसाला हसत नाही, तिथे आणखी तपासायचं काय?

नंतर खालच्या खोलीत मुख्याध्यापिकांनी सांगितलं, दोघी मुली आपापल्या वयाच्याच वर्गात बसतील. डॉक्टरीणबाईंनी डोळे मिटून एक मोठा श्वास सोडला. तेवढाच. पण लिफ्टवाल्यांनी तो पाहिला.

"आणि माझी परीक्षा?" त्यांनी विचारलं. "पास ना मी?"

"कसली परीक्षा?"

"वर्गात पाठवलंत ती. आईबापांची."

मुख्याध्यापिकांनी डॉक्टरीणबाईंकडे पाहिलं. डॉक्टरीणबाईंनी खिडकीबाहेर पाहिलं. कोपऱ्यात बसलेला बदली शिक्षक हळूच म्हणाला, "तो माझा तास होता."

लिफ्टवाल्यांनी खिशातला खडू काढून त्याच्या हातात ठेवला. त्या शनिवारी ते ड्रिल मशीन घेऊन गेले आणि दांडी अशी बसवून आले, की आता इमारत पडेल पण दांडी पडणार नाही.

शाळेच्या पहिल्या दिवशी ते मुलींना सोडायला फाटकापर्यंत गेले. वरच्या खिडकीतून सगळा वर्ग बाहेर झुकून हात हलवत होता. टोपवालीने ओरडून काहीतरी विचारलं. थोरलीने तितक्याच मोठ्याने, न अडखळता, लांबलचक उत्तर दिलं आणि पळत आत गेली. इतक्या वेगात, की लिफ्टवाल्यांना त्यातलं एक अक्षर कळलं नाही. पण ऐकायला काय छान वाटत होतं. त्यांनी छाती पुढे काढली आणि वर बघून दोन्ही हात हलवले.

"काय विचारत होती गं ती?" त्यांनी धाकटीला विचारलं.

"सर आजपण शिकवणार का, म्हणून."

"आणि ताई काय म्हणाली?"

धाकटीने दप्तर खांद्यावर सारखं केलं. "म्हणाली, ते सर नाहीत. ते फक्त आम्हाला सोडायला येतात आणि परत जातात."